मांडी मामाची, हात बापाचे

सकाळी सात ते साडेनऊ या अडीच तासांत इंद्रजीतनं आपल्या लेकीला, सावनीला, पाच वेळा उचललं होतं. त्यात सगळ्यात जास्त वेळ ती त्याच्याकडे राहिली एक मिनिट चाळीस सेकंद, आणि तेही श्रेयाचे दोन्ही हात पुरणात होते म्हणून.

ही नोंद प्रणयनं ठेवली होती. प्रणय श्रेयाचा धाकटा भाऊ, विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. गेले तीन महिने तो एका बुलबुलाच्या घरट्यासमोर बसून नर किती वेळा दाणापाणी आणतो आणि मादी किती वेळा, हे टिपत होता. ती सवय बहिणीच्या पडेगावच्या या घरातही त्याच्याबरोबर आली होती. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पाच ओळी लिहून त्यानं तो कागद स्वयंपाकघरात बहिणीसमोर धरला.

"तू जावळाला आलायस की पंचनामा करायला?" श्रेया पुरण वाटता वाटता म्हणाली.

"मांडी द्यायला आलोय. पण मांडी लागायला अजून वेळ आहे ना, म्हणून बसल्या बसल्या."

"वाच."

"पाचपैकी तीन वेळा तू घेतलंस. एकदा तुझ्या सासूबाईंनी, एकदा नंदूताईंनी. दाजींनी स्वतःहून खाली ठेवलं असं एकदाही नाही."

"अरे, मान कशी धरली होती त्यानं तिची!"

"तेरा महिन्यांची आहे ती, ताई. मान धरून नऊ-दहा महिने झाले तिला."

श्रेयाचा फोन डब्यांच्या फळीवर होता आणि त्यात एक अर्धवट मेल होता: घरगुती कारणामुळे मला प्रशिक्षणाला येता येणार नाही, क्षमस्व. तो पाठवायचा की नाही, हे आज दुपारी बारापर्यंत ठरवायचं होतं. औषधांच्या ज्या कंपनीत ती नमुने तपासायची, तिथं नवं यंत्र आलं होतं. ते शिकायला एकाच जणाला तीन दिवस हैदराबादला पाठवणार होते. जो शिकून येईल, त्याच्याच हातात यंत्र आणि तो विभाग. उद्या सकाळी निघायचं होतं. सात वर्षं तिनं याच संधीची वाट पाहिली होती.

"दाजींना विचारलंस?"

"तो म्हणतो, मी सांभाळतो. रजापण टाकलीय."

"मग?"

"तो नुसतं म्हणतो, प्रणय. त्याला माहीत नाही काय काय असतं." तिनं फ्रिजकडं बोट केलं. तिथं चुंबकाखाली एक कागद होता. सावनीच्या दिवसाचे एकतीस मुद्दे, वर तारीख, खाली 'सुधारित प्रत ४'. प्रयोगशाळेत चिकटवतात तसाच.

प्रणयनं सगळे मुद्दे वाचले. मग शांतपणे म्हणाला, "माहीत होणार कधी? दीड मिनिटात?"

"ऊठ. नारळ फोड जा," श्रेया म्हणाली.

*

बाहेर ओट्यावर इंद्रजीतचे वडील काकासाहेब कडुबा न्हाव्याबरोबर चहा पीत होते. कडुबा देवगाव रंगारीहून, त्यांच्या गावाहून, मुद्दाम आला होता. इंद्रजीतचं जावळ त्यानंच काढलं होतं, तेव्हा पोरीचंही त्यानंच काढायचं असा इंद्रजीतच्या आईचा, चतुराबाईंचा, हट्ट. आता त्याच्या पेटीत वस्तऱ्याच्या शेजारी सेलवर चालणारं नवं मशीनही होतं आणि ते तो येणाऱ्या-जाणाऱ्याला काढून दाखवत होता.

काकासाहेबांचं लक्ष मात्र अंगणात होतं. इंद्रजीत सावनीला कडेवर घेऊन पेरूच्या झाडाखाली उभा होता आणि तोंडानं काहीतरी घर्र घर्र करत होता. पोरगी टक लावून त्याच्या ओठांकडं बघत होती. काकासाहेबांनी कप खाली ठेवला, त्या आवाजानं इंद्रजीतनं वळून पाहिलं. वडील बघतायत हे दिसताच त्यानं घर्रघर्र थांबवली आणि पोरीला आणून ओट्यावरच्या सतरंजीवर अलगद ठेवलं.

प्रणयच्या नोंदीत नसलेला हा सहावा प्रसंग.

काकासाहेबांना तो बरोबर कळला. त्यांच्या घराण्यात थोरल्यांच्या समोर आपलं लेकरू उचलायचं नाही, अशी रीत होती. भावाचं उचललं तर चालायचं, गड्याचं उचललं तर चालायचं. आपलं उचललं की बायकोच्या पदराला बांधलेला. ही रीत त्यांनी मुलाला कधी सांगितली नव्हती. एकवीस वर्षं शहरात राहिलेल्या, आयटीआयमध्ये पोरांना लोखंड कातायचं लेथ मशीन शिकवणाऱ्या मुलानं ती कुठून उचलली?

"अण्णा, पिशवी कुठं ठिवली आईनं?" राजनंदिनीनं, म्हणजे नंदूताईनं, आतून येत वडिलांना विचारलं. इंद्रजीतची थोरली बहीण, फर्दापूरला दिलेली. "सावनीचे कपडे भरायचेत. ती आईबरोबर देवगावला चाललीय ना."

"कोणी सांगितलं?" इंद्रजीत म्हणाला. "ताई, मी आहे ना घरी. तीन दिवस रजा आहे माझी."

"रजा टाकून काय करशील? लेथवर फिरवशील का तिला?"

मागून चतुराबाई आल्या, हातात हळदीकुंकवाचं ताट. "गडी माणसाचं काम हाय का ते! मी नेते लेकरू. चार दिवस शेताची हवा खाईल. सुनबाईला बी जाता येईल निवांत."

"आमचे हे दोन लेकरांचे बाप," राजनंदिनी म्हणाली, "पण पोरगं पाचवीत का सहावीत विचारलं की मला फोन लावत्यात."

सगळे हसले. इंद्रजीतही हसला, पण दारात उभ्या श्रेयाला दिसलं की त्यानं खाली वाकून सावनीचा सुटलेला मोजा हातात घेतला होता आणि तो घालावा की नको, हे त्याला ठरवता येत नव्हतं. तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "असू दे, मी घालते." तिनं मोजा घेतला. इंद्रजीतनं हात मागं घेतला.

सावनी देवगावला गेली की तिथं तिसऱ्याच दिवशी ताप काढणार, हे मागच्या दोन खेपांवरून श्रेयाला पक्कं माहीत होतं. म्हणजे पर्याय दोनच. इंद्रजीत, किंवा तो मेल.

आणि तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी ओरडलं, "नळ आलेऽऽ!"

*

दहा दिवसांनी पाणी आलं होतं. ते पाऊण तास राहील की वीस मिनिटं, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. घरात अकरा पाहुणे जेवणार होते आणि टाकी तळाला गेली होती.

त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात घर रिकामं झालं. प्रणय गच्चीवर टाकीपाशी धावला. राजनंदिनीनं मोटरचं बटण दाबलं आणि हंडे ओढायला लागली. श्रेया मागच्या मोरीत पाइप घेऊन हौदावर उभी राहिली. चतुराबाईंनी ताट तसंच खिडकीत ठेवलं, पदर खोचला आणि ड्रमचं झाकण उघडलं. सावनी कोणाकडं आहे, हा प्रश्न कोणाला पडायलाही वेळ नव्हता.

तिसरा हंडा भरत असताना ती रडली.

श्रेयाच्या हातातला पाइप हलला, पाणी हौदाबाहेर गेलं. "आई, जरा धरा हे. मी बघून येते."

"पाणी जाईल," चतुराबाई म्हणाल्या.

"ती रडतीय."

"व्हय, ऐकू येतं मला. बाप हाय तिचा तिथं."

हे आपल्या तोंडून कसं निघालं, याचं चतुराबाईंनाच नवल वाटलं. पाच मिनिटांपूर्वी त्या पोरगी देवगावला न्यायला निघाल्या होत्या. पण ओट्यावर हसताना त्यांनीही तो मोजा पाहिला होता. इंद्रजीतनं हात मागं घेतला, तसाच मागं जाणारा एक हात त्यांनी फार वर्षांपूर्वी पाहिला होता.

रडणं वाढलं. श्रेया निघालीच होती. चतुराबाईंनी ओल्या हातानं तिचं मनगट धरलं.

"ऐक. इंद्रजीत असाच होता, सव्वा वर्षाचा. मळणी चालली होती, मी खळ्यावर. सांजेला जावांसंगं घरात आले, तर तुझे सासरे चुलीपाशी बसून त्याला वाटी-चमच्यानं दूध पाजत होते. कधी उचललं नव्हतं लेकरू, पण त्या दिवशी ते रडत असंल अन् घरात कोणी नसंल. अर्धं दूध सदऱ्यावर सांडलेलं."

"मग?"

"मग काय. मी हसले. मोठ्यानं. जावांना म्हणलं, बघा गं, आमचे हे दाई झाले. अन् वाटी घेतली हातातून." चतुराबाईंनी ड्रममध्ये पाइप खोल सारला. "गावात वर्षभर लोक त्यांना दाईसाहेब म्हणत होते. पुन्हा लेकराला हात लावला नाय त्यांनी. ना याला, ना राजनंदिनीला. मला लई मजा आली होती त्या दिवशी. अन् त्यापायी दोन्ही लेकरं एकटीनं वाढवली म्यां."

राजनंदिनी हंडा उचलता उचलता थांबली. "आई, हे कधी बोलली नाहीस तू. आम्हाला वाटायचं, अण्णांनाच आवडत नाय."

"मला बी तसंच वाटून घ्यायला बरं वाटायचं."

बाहेरचं रडणं आता टिपेला गेलं होतं. श्रेयानं दारातून आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. दहा वाजून बारा. प्रयोगशाळेत नमुना यंत्रात घातला की मध्येच झाकण उघडायचं नसतं. कितीही वाटलं तरी. उघडलं की आकडा खोटा येतो. तिनं दोन्ही हातांनी पाइप धरला. दहा वाजून तेरा. चौदा. दहा सोळाला रडण्यात खंड पडला आणि त्यातून एक आवाज आला. घर्रर्रर्र.

"हे काय आता?" राजनंदिनी म्हणाली.

"लेथ मशीन," श्रेया म्हणाली. तिला तो आवाज चांगला माहीत होता. त्यानं सावनीची झोप उडते, म्हणून मुद्दा क्रमांक बाविसात तिनं त्याला मनाई केली होती.

आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. मग सावनीचा आवाज आला, पण रडण्याचा नव्हता.

*

ओट्यावर तोपर्यंत बरंच काही घडून गेलं होतं.

बाकीचे पळाले तेव्हा सतरंजीवर सावनी, तिच्या एका बाजूला बाप आणि दुसऱ्या बाजूला आजोबा, एवढेच उरले. कडुबा पेटीपाशी. सावनीनं सगळीकडं पाहिलं, आई दिसली नाही, आणि तिनं गळा काढला. इंद्रजीत वडिलांकडं बघत बसून राहिला.

"उचल की," काकासाहेब म्हणाले.

"उचलतो, पण..."

"मी हाय म्हणून व्हय? मी तोंड फिरवू का तिकडं?"

इंद्रजीतनं उचललं. उचलल्यावर त्याला कळलं की ती का रडत होती. लंगोट ओला, आणि नुसता ओला नाही. त्यानं आत हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आत गेला, कपाटातून जे हाताला लागलं ते घेऊन आला आणि पोरीला सतरंजीवर आडवं केलं. तिनं दोन्ही पाय सायकल मारल्यासारखे झाडायला सुरुवात केली.

"अण्णा, पाय धरा तिचे."

"मी?"

"दोनच हात आहेत मला. धरा, नायतर सतरंजी जाईल."

काकासाहेब गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसले. बाजार समितीत तीस वर्षं ज्या हातांनी त्यांनी कापसाची प्रत पारखली, त्या हातांत त्यांनी दोन टाचा धरल्या. केवढ्याशा होत्या त्या. अंगठा आणि दोन बोटं पुरली.

"घट्ट धरू का सैल?"

"काय माहीत. धरून बघा."

कडुबा पेटीपाशी बसून हे बघत होता. आता त्याला राहवलं नाही. "धरा, दाईसाहेब, धरा!"

चाळीस वर्षांत ते नाव कोणी त्यांच्या तोंडावर घेतलं नव्हतं. काकासाहेबांनी मान वर केली. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि हसू इतकं आलं की एक टाच निसटली आणि त्यांच्या हनुवटीवर बसली.

"दाईनं पाय सोडला, काकासाहेब."

"पोरीत दम हाय रं कडुबा, लई दम हाय! इंदर, तू काय करतोयस? ते मघाचं मशीन चालू कर. झाडाखाली लावलं होतंस ते."

"तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोर. मला बी ऐकायचंय."

इंद्रजीतनं आधी हळू चालवलं, मग गती वाढवली. सावनीचे पाय थांबले.

*

अकराला नळ गेले. टाकी भरली, हौद भरला, आणि सगळे एकदम ओट्यावर आले. श्रेया सगळ्यांत पुढं होती.

लंगोट मागचा पुढं बांधलेला होता. अंगात झबलं होतं ते झोपतानाचं. तिच्या नजरेनं एका दमात चार चुका मोजल्या. सावनी आजोबांच्या धोतरावर बसून त्यांच्या मिशा ओढत होती आणि आई आली तरी तिनं नुसतं एकदा वळून पाहिलं.

"चला, मामा, बसा," कडुबा म्हणाला. "मला बाराच्या आत इथंच शहरात दुसरं जावळ हाय."

प्रणय पाटावर बसला आणि सावनीला मांडीवर घेतलं. आत्या म्हणून राजनंदिनी केस झेलायला कोरं फडकं पसरून बसली. कडुबानं वस्तऱ्यानं पहिली बट काढली, तिथपर्यंत ठीक होतं. मग त्यानं मशीन चालू केलं. सावनीनं तो आवाज ऐकला आणि प्रणयच्या मांडीवरून धनुष्यासारखी उलटी झाली.

"धरा की मामा!"

"धरतोय! निसटतीय! बुलबुलाची पिल्लं नुसती चोच उघडतात हो!"

चार जणांचे हात एकदम पुढं आले. त्यात श्रेयाचे सगळ्यांत आधी. कडुबानं मशीन बंद केलं. "हे असं नाय जमायचं. हिला घेणार कोण? जिच्याकडं गप बसती तिच्याकडं द्या."

सगळे श्रेयाकडं बघू लागले. सावनीनंही तिच्याकडंच बघून हात पसरले. घ्यायला फक्त वाकायचं होतं. दोन पावलांवर इंद्रजीत उभा होता, हात मागं बांधून, सकाळभर उभा होता तसाच.

"इंद्रजीत," श्रेया म्हणाली. "तू घे."

"पण मामाची मांडी लागती," राजनंदिनी म्हणाली. "आपल्यात बापाच्या मांडीवर जावळ नाय काढत."

आता सगळे चतुराबाईंकडं बघू लागले. रीत त्यांच्या हातात होती. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं.

"मांडी मामाची राहू द्या," त्या म्हणाल्या. "हात बापाचे लावा. काय बिघडतं?"

म्हणून मग इंद्रजीत प्रणयच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसला. सावनी मामाच्या मांडीवर, तिचं डोकं बापाच्या तळहातांत. कडुबानं मशीन चालू केलं, त्याबरोबर इंद्रजीतनंही केलं. कडुबाचं मशीन ज्या पट्टीत वाजत होतं, त्याच पट्टीत त्यानं घर्रघर्र आणून जुळवली. सावनीनं एकदा कानाजवळच्या आवाजाकडं पाहिलं, मग बापाच्या ओठांकडं. हे मशीन तर ओळखीचं होतं. ती हसली आणि कडुबा डोक्यावरून मशीन फिरवत राहिला.

"दाजी, गती कमी करा हो," प्रणय मध्येच कुजबुजला. "माझ्या गुडघ्यांना गुदगुल्या होतायत."

काकासाहेब मागं उभे राहून दुसरं लेथ चालवत होते. आपला आवाज कोणाला ऐकू येत नाही, असं त्यांना वाटत होतं.

बारा मिनिटांत डोकं तुळतुळीत झालं. राजनंदिनीनं फडक्याची गाठ मारली आणि म्हणाली, "आई, ती देवगावची पिशवी रिकामी करू का?"

"करून बी टाक. अन् आमच्या ह्यांना इथंच ठिवून जाते मी. पाय धरायला लागतंय कोणीतरी."

श्रेया आत गेली. पावणेबारा झाले होते. तिनं अर्धवट मेल उघडला, सगळा पुसला आणि एकच ओळ लिहिली: मी येत आहे. पाठवलं. फ्रिजवरच्या कागदासमोर ती जरा उभी राहिली. पेन काढून तिनं मुद्दा क्रमांक बावीस खोडला. बाकीच्या तिसांवरूनही नजर फिरवली, पण एकदम एवढं तिच्यानं झालं नाही.

बाहेर पेढे वाटणं चाललं होतं. मामानं आणलेलं टोपडं इंद्रजीतनं सावनीला घातलं होतं. बंद हनुवटीखाली बांधायचे ते डाव्या कानावर आले होते. श्रेयाचा हात वर गेला. चतुराबाई बघत होत्या. श्रेयानं तोच हात पुढं नेऊन ताटातला पेढा उचलला.

"मेल पाठवलास?" इंद्रजीतनं विचारलं.

"पाठवला. उद्या साडेसहाला निघते." तिनं अर्धा पेढा खाल्ला. "उद्या रात्री काय देशील तिला?"

"खिचडी. मऊ करीन."

"आणि तूप..."

"तूप काय?"

प्रणयनं वर्तमानपत्राची कड समोर ओढून पेन उघडलं.

"काही नाही," श्रेया म्हणाली, आणि उरलेला अर्धा पेढा तिनं तोंडात टाकून तोंड मिटून घेतलं.